गावाला विचारायचे कसे: ग्रामपंचायतीच्या सेवा आणि आराखड्यावर गावकऱ्यांचे मत घेण्याची रीत

आराखडा पंचायत समितीकडे पाठवण्याची मुदत चार दिवसांवर आलेली असते, सचिवांकडे शेजारच्या आणखी दोन ग्रामपंचायतींचा भार असतो आणि अशा वेळी शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतो. लोक ओसरीवर बसल्या बसल्या सही करतात, म्हातारी माणसे अंगठा लावतात, प्रोसिडिंग, म्हणजे सभेचे इतिवृत्त, नंतर सवडीने लिहिले जाते आणि ग्रामसभा झाली असे ठरते. पुढच्या वर्षी त्याच गावात नाली भलत्याच गल्लीत बांधलेली दिसते, पाण्याची टाकी उभी असूनही टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, पाणी चढत नाही आणि जो तो म्हणतो की आम्हाला कोणी विचारलेच नाही. आराखड्याच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने विदर्भातील गावांतून फिरताना हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला की, विचारण्याचे काम नेमके कसे करावे हे एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

हे लेखन मुख्यतः नव्याने निवडून आलेले सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीचे सचिव यांच्यासाठी आहे. गावकऱ्यांनी आपले म्हणणे कुठे आणि कसे नोंदवावे, हा भाग पुढे स्वतंत्र दिला आहे. दोघांनीही एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. निर्णय होण्याच्या आधी विचारणे आणि निर्णय झाल्यावर त्याचे कारण परत येऊन सांगणे, ही दोन्ही टोके सांभाळली तरच मधल्या सभांना अर्थ राहतो.

कायदा किती मागतो

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले आणि आर्थिक विकास व सामाजिक न्यायाचे आराखडे तयार करण्याचे काम पंचायतींकडे सोपवण्याचा मार्ग खुला झाला. अकराव्या अनुसूचीत त्यासाठी २९ विषय दिलेले आहेत. आपल्या राज्यात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे प्रत्येक आर्थिक वर्षात किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्या बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. नियमित सभेची सूचना ७ दिवस आधी द्यावी लागते, आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला मतदारांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. म्हणजे ६०० मतदारांच्या गावात ९० माणसे पुरतात आणि १,४०० मतदारांच्या गावात १०० पुरतात. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट राहत नाही. ही तरतूद काम अडू नये म्हणून केलेली आहे, परंतु अनेक गावांत पहिली सभा तहकूब होणार हे गृहीतच धरले जाते आणि वर्षाचे सगळे मोठे निर्णय दुसऱ्या सभेत वीस-पंचवीस माणसांच्या उपस्थितीत होतात. कायदेशीरदृष्ट्या तो ठराव टिकतो. गावात मात्र तो टिकत नाही, कारण काम सुरू झाले की पहिल्याच दिवशी कोणीतरी जेसीबीसमोर उभे राहते.

गडचिरोली जिल्ह्याच्या बऱ्याच भागात, चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही भागांत, तसेच अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा लागू आहे. १९९६ च्या या केंद्रीय कायद्याचे राज्यातील नियम २०१४ मध्ये आले. त्यांनुसार एखादा टोला किंवा पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्यामुळे तेथे सगळ्या टोल्यांची मिळून एकच सभा घेऊन मोकळे होणे चुकीचे आहे. ज्या टोल्याचा विषय आहे, त्या टोल्याच्या ग्रामसभेपुढे तो गेला पाहिजे.

आधी पैशाचा हिशेब मांडावा

ग्रामसभेत "गावाला काय पाहिजे?" असा मोकळा प्रश्न विचारला, तर सभामंडपापासून पुलापर्यंत चाळीस मागण्या येतात, त्यांतल्या छत्तीस ग्रामपंचायतीच्या हातातल्या नसतात, आणि वर्षभराने लोकांच्या मनात केवळ नाराजी उरते. यासाठी विचारण्याच्या आधी पैसा किती येतो, तो कशावर खर्च करता येतो आणि कशावर येत नाही, हे साध्या आकड्यांत सांगावे.

पंधराव्या वित्त आयोगाचे उदाहरण घेऊ. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी या निधीचे ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित असे भाग ठरलेले होते. बंधित भागातील अर्धा पैसा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, तर उरलेला अर्धा स्वच्छता आणि हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी वापरायचा होता. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख रुपये मिळाले, तर ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे आणि गावाच्या मर्जीने ठरवायचे ४ लाख. अबंधित पैशातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. पुढील वर्षांसाठी चालू शासन निर्णयातील प्रमाण पाहून हीच मांडणी करावी. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. ही रक्कम किती होते आणि मागच्या वर्षी ती कशावर खर्च झाली, हे त्या त्या लोकांना ठाऊकच नसते, म्हणून ती त्यांच्यासमोर स्वतंत्रपणे वाचून दाखवावी.

हे आकडे कार्यालयाच्या भिंतीवर तेलरंगाने लिहावेत. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर २०२० पासून आराखडे आणि खर्च पाहता येतात हे खरे, पण ज्या बाईच्या हातात साधा फोन आहे तिच्यासाठी भिंतच उपयोगी पडते. सोबत ग्रामपंचायतीच्या अधिकारात काय आहे, जिल्हा परिषदेकडे काय आहे आणि वनविभाग किंवा बांधकाम विभागाकडे काय आहे, हेही तोंडी समजावून सांगावे. दुसऱ्या विभागाच्या कामांची मागणी आली तर ती धुडकावू नये. तिचा वेगळा ठराव करून त्या विभागाला पाठवावा, पण आराखड्याच्या यादीत ती मिसळू नये.

शेतीचे दिवस आणि सभेची वेळ

सभेला लोक येत नाहीत, ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक सरपंचाच्या तोंडून ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी मला सभेची तारीख आणि तास विचारावेसे वाटले आहेत. १ मे रोजी पूर्व विदर्भात तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर असतो किंवा सुरू झालेला असतो, आणि अख्खे कुटुंब पहाटे जंगलात गेलेले असते. पश्चिमेकडे त्याच दिवशी सकाळी अकराला चौकात बसणे उन्हामुळे शक्य नसते. १५ ऑगस्टच्या आगेमागे निंदण, डवरणी आणि फवारणी एकाच वेळी चालू असतात. २ ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असते आणि आभाळ भरून आले असेल तर कोणीही शेत सोडून येणार नाही. पुढे कापसाची वेचणी सुरू होते, आणि वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असल्याने सभेत घालवलेले दोन तास म्हणजे त्यांच्या हातची कमाई गेली.

ठरलेल्या तारखेला ध्वजवंदनानंतर औपचारिक सभा घ्यावी लागत असली, तरी खरे विचारण्याचे काम तिच्या आधीच्या पंधरा दिवसांत, संध्याकाळी साडेसातनंतर, एकेका वॉर्डात करता येते. जेवणे होण्याआधी बायांना उसंत नसते, त्यामुळे महिला सभेची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. बहुतेक गावांत ती दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, मजुरीचा दिवस नसताना जमते. बचत गटाच्या मासिक बैठकीला जोडून घेतली तर वेगळे बोलावणेही लागत नाही.

निरोप पोचवण्याची रीतही गावाची असावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सूचना टाकणे ठीक, पण तेवढ्यावर थांबू नये. कोतवालाची दवंडी अजूनही सगळ्यांच्या कानी जाते. ज्या गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तेथे प्रार्थनेनंतर दोन मिनिटे सभेचा विषय सांगता येतो. दळणाची चक्की, रास्तभाव दुकान आणि अंगणवाडीचे दार या तीन जागी कागद लावला तर तो न वाचलेले घर विरळाच.

जागेचा प्रश्न याहून नाजूक आहे. गट ग्रामपंचायतीत सभा नेहमी मोठ्याच गावात होते आणि तीन किलोमीटरवरच्या लहान गावाचे लोक रात्री परत कसे जावे या विचाराने येत नाहीत. कोलामांचा पोड, पारध्यांचा बेडा, बंजाऱ्यांचा तांडा, मेळघाटातला ढाणा या वस्त्या गावाबाहेर असतात, आणि गावातल्या मंदिराच्या सभामंडपात बोलावले तर तेथे आपल्याला मोकळेपणाने बसता येईल की नाही, अशी शंका काहींच्या मनात असते. ती शंका उगाच आलेली नसते. म्हणून ग्रामपंचायतीने वस्तीवर जावे. गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी किंवा गोरमाटी बोलणारा त्याच वस्तीतला एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत घ्यावी आणि मराठीतून प्रश्न विचारून झाल्यावर तिला तो त्यांच्या बोलीत पुन्हा विचारू द्यावा. उत्तरे किती वेगळी येतात हे एकदा अनुभवलेला सदस्य पुढच्या वेळी दुभाष्याशिवाय जात नाही.

जमिनीवरचा नकाशा

"आमचं गाव, आमचा विकास" हा उपक्रम राज्यात २०१५-१६ पासून सुरू झाला. त्यात गावफेरी, शिवारफेरी, महिला सभा, बालसभा आणि वंचित घटकांची बैठक असे टप्पे दिलेले आहेत. कागदावर हे सगळे टप्पे सर्वत्र पूर्ण होतात. प्रत्यक्षात त्यांतला एकच टप्पा मनापासून करायचा असेल, तर मी गावनकाशाचा टप्पा निवडेन, कारण न बोलणारी माणसे बोलती होण्याचे दुसरे इतके सोपे साधन मला सापडलेले नाही.

सारवलेले अंगण किंवा शाळेचे मैदान घ्यावे. चुन्याने मुख्य रस्ता आखावा. एवढे झाले की चुना खाली ठेवून बाजूला व्हावे आणि उरलेला नकाशा लोकांना काढू द्यावा. वर्धा नदीच्या काठच्या एका गावात आम्ही असे केले तेव्हा रस्त्यांसाठी पऱ्हाट्या आणि तुराट्या, विहिरींसाठी मूठभर सरकी आणि हातपंपांसाठी गोटे ठेवले होते. पुरुषांनी अर्ध्या तासात नकाशा पूर्ण केला आणि चार हातपंप दाखवले. बाया मागे उभ्या होत्या. त्यांतली साठीची एक काकू पुढे आली, खाली बसली आणि काही न बोलता दोन गोटे उचलून तिने ओट्यावर नेऊन ठेवले. सरपंचांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "हे दोन चैतातच बंद पडतेत जी. मंग आमी कुठून पानी आनतो ते कोनी इचारलंच नाई." मग तिने एक लांब तुराटी घेऊन टोलीपासून नाल्याकाठच्या खाजगी विहिरीपर्यंत आडवी ठेवली. त्या वाटेने ती आणि तिच्या सुना उन्हाळ्याचे तीन महिने पाणी वाहत होत्या, आणि ती वाट ग्रामपंचायतीच्या एकाही कागदावर नव्हती. आराखड्यात त्या वर्षी पाचवा हातपंप सुचवलेला होता. तो रद्द होऊन टोलीसाठी वेगळी छोटी टाकी घेण्याचे त्याच अंगणात ठरले.

नकाशा झाल्यावर प्राधान्य ठरवावे. आलेल्या कामांपैकी बजेटात बसू शकणारी सात-आठ कामे चित्रासह कागदांवर काढून ओळीने मांडावीत. प्रत्येकाला दहा चिंचोके द्यावेत आणि ते हवे तसे वाटून ठेवायला सांगावे. बायांचे आणि पुरुषांचे चिंचोके वेगळ्या रंगांनी रंगवले तर दोघांच्या निवडीतला फरक सगळ्यांना तिथल्या तिथे दिसतो. मोजणी सगळ्यांसमोर करावी, आकडे वहीत लिहावेत आणि नकाशाचा फोटो काढून ठेवावा, कारण रात्री वारा सुटला की पऱ्हाट्या उडतात आणि सकाळी कोणी काय ठेवले होते यावर वाद होतो.

मुलांची बालसभा शाळेत तासाभरात होते. मुले शौचालयाचे दार, शाळेच्या वाटेवरचा उघडा नाला आणि कुत्री याविषयी सरळ बोलतात. मोठ्यांनी तेथे बसून उत्तरे सुचवू नयेत.

सेवेविषयी प्रश्न कसा विचारावा

"नळाला पाणी येते का?" या प्रश्नाला गाव "हो" म्हणते आणि अहवालात रकाना भरला जातो. प्रश्न असा असावा की उत्तरात मोजता येणारी गोष्ट यावी. जल जीवन मिशनमध्ये, जे १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले, दरडोई रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. पाच माणसांच्या घराला म्हणजे २७५ लिटर. लिटरचा हिशेब घरात कोणी करत नाही, पण गुंड, म्हणजे पाणी भरायचे भांडे, सगळे मोजतात. साधारण १५ लिटरचा गुंड धरला तर हे १८ गुंड होतात. तेव्हा "काल नळातून किती गुंड भरले, किती वाजता भरले आणि त्यासाठी मोटर लावावी लागली का?" असे घरोघरी विचारावे. वरच्या आळीत पंचवीस आणि खालच्या टोकाला सहा गुंड निघाले, तर आणखी एक विहीर खोदण्याऐवजी व्हॉल्व्ह बसवून वाटप नीट करणे गरजेचे आहे, हे सभेला सांगावे लागत नाही.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दलही असेच. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे आहे, तर यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. खारेपण जिभेला कळते, फ्लोराइड कळत नाही. त्यामुळे ज्या गावात फ्लोराइडचा अहवाल आलेला आहे, तेथे तो अहवाल आधी वाचून आणि मुलांच्या दातांवरच्या डागांचा अर्थ समजावून सांगितल्याशिवाय "कोणती विहीर वापरायची?" असे मत मागू नये. माहिती न देता मागितलेले मत गावाच्याच विरोधात जाऊ शकते.

पाणीपट्टी किंवा घरपट्टी वाढवायची असेल तर तो विषय लपवून ठेवू नये. वीजबिल किती येते, पंप चालवणाऱ्याचे मानधन किती, वसुली किती आणि तूट किती, हे एका पानावर मांडावे आणि मग तीन पर्याय द्यावेत: पट्टी वाढवणे, पाणी एक दिवसाआड सोडणे किंवा मीटर बसवणे. मी पाहिलेल्या गावांत, हिशेब समोर ठेवला तेव्हा लोकांनी पट्टी वाढवायला होकार दिल्याची उदाहरणे जास्त आहेत. भांडण झाले ते बहुतेक नोटीस अचानक हातात पडल्यावर.

सभा चालवताना

विषयपत्रिकेत पाच-सहापेक्षा जास्त विषय घेऊ नयेत. "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" या ओळीखाली मोठा खर्च कधीही मंजूर करून घेऊ नये, कारण त्या विषयासाठी कोणी तयारी करून आलेले नसते. सह्या सभा संपल्यावर, प्रोसिडिंगमधील ठराव मोठ्याने वाचून झाल्यावर घ्याव्यात. हा एक नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी मिटतात. ठरावावर सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहितात, तशी विरोध करणाऱ्याचे नाव आणि त्याचे कारणही त्याच्याच शब्दांत लिहावे. विरोध नोंदवला गेला की माणूस बहुधा शांत होतो, आणि पुढे काम चुकले तर त्याने आधीच सावध केले होते हे गावाला कळते.

महिला सभेत झालेले ठराव ग्रामसभेत प्रथम वाचावेत, शेवटी नव्हे. शेवटी वाचले की तोवर पैसे वाटून झालेले असतात. सरपंचपदी बाई निवडून आलेली असेल तर तिच्या पतीने तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून उत्तरे देऊ नयेत. हे सांगावे लागते, म्हणून स्पष्ट लिहिले आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाची पद्धत यासंदर्भात समजून घेण्यासारखी आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावाची म्हणून सगळीकडे पोचली. पण तिच्यामागे अभ्यासगट होता, हे कमी सांगितले जाते. विषय ग्रामसभेत येण्याआधी गावातली माणसे बसून त्याचा अभ्यास करत, बाहेरच्या जाणकाराला बोलावून ऐकत, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत, बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेत. एकमत होईपर्यंत विषय पुढे ढकलला जाई. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे वर्षानुवर्षांची ही बैठक होती. प्रत्येक गावाला सर्वसहमती साधेल असे नाही. परंतु मोठ्या विषयावर एका सभेत फक्त माहिती द्यायची आणि निर्णय पुढच्या सभेत घ्यायचा, एवढे कोणत्याही ग्रामपंचायतीला जमते. मधल्या दिवसांत पारावर आणि शेताच्या बांधावर जी चर्चा होते, तिची जागा सभेतली भाषणे घेऊ शकत नाहीत.

उत्तर परत गावात नेणे

प्रारूप आराखडा तांत्रिक छाननीसाठी पंचायत समितीकडे जातो आणि तेथे काही कामे गळतात, काहींची अंदाजपत्रके बदलतात. गावाला हे कळत नाही. लोकांना वाटते की सरपंचांनी आपले काम कापले, आणि सरपंचांना वाटते की लोक कृतघ्न आहेत. यावर उपाय म्हणून एक साधा तक्ता करावा. पहिल्या रकान्यात वस्ती आणि मागणी, दुसऱ्यात ती कोणत्या सभेत आली, तिसऱ्यात निर्णय, चौथ्यात कारण. कारणाच्या रकान्यात "निधीअभावी" असा एकच शब्द सगळीकडे लिहू नये. "या जागेचा सातबारा खाजगी नावावर आहे", "पांदण रस्त्यावर दोन ठिकाणी अतिक्रमण असून मोजणी बाकी आहे", "चिंचोक्यांत हे काम सहाव्या क्रमांकावर आले आणि पैसा चार कामांपुरता होता" अशी नेमकी वाक्ये लिहावीत. हा तक्ता आराखडा अंतिम झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत फलकावर लावावा आणि ज्या वस्तीची मागणी नाकारली, त्या वस्तीवर एका सदस्याने स्वतः जाऊन ती वाचून दाखवावी. नकार द्यायला जाणे जड जाते, हे मला माहीत आहे. पण त्या वस्तीने पुढच्या सभेला यावे की नाही, हे त्याच दिवशी ठरत असते.

गावकऱ्यांसाठी

मागणी किंवा हरकत तोंडी सांगून थांबू नका. साध्या कागदावर, वस्तीचे नाव, नेमकी जागा आणि किती घरांचा प्रश्न आहे हे लिहून दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. सभेची सूचना निघाली की आपला विषय विषयपत्रिकेत घेण्याची विनंती लेखी करा. सभेनंतर प्रोसिडिंगची प्रत मागा. ती मिळाली नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे १० रुपये शुल्कासह अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. सभा झालीच नाही किंवा सह्या घरोघरी फिरवून घेतल्या, अशी स्थिती असेल तर तारीख आणि तपशिलासह गट विकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. पाच-दहा जणांच्या सह्या असलेला नेमका अर्ज शंभर जणांच्या घोषणांपेक्षा जास्त काम करतो.

तालुक्याच्या गावी नगरपंचायत झाली असेल, तर रीत बदलते. तेथे ग्रामसभा नसते. १९६६ च्या प्रादेशिक व नगर रचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते आणि त्यावर हरकती-सूचना देण्यासाठी साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. आपल्या शेतावर रस्त्याची किंवा बगिचाची रेघ पडली आहे का, हे नकाशावर गट नंबर शोधून स्वतः पाहावे. रंगांची सूची समजत नसेल तर नगरपंचायतीच्या कर्मचाऱ्याला समजावून द्यायला सांगावे. हरकत लेखी द्यावी, सोबत सातबारा आणि मोजणीची नक्कल जोडावी, आणि नियोजन समितीची सुनावणी असेल त्या दिवशी स्वतः हजर राहावे. मुदत सोयाबीनच्या हंगामात आली म्हणून थांबत नाही, म्हणून घरातल्या एकाने तरी ते तीस दिवस नोटीस बोर्डाकडे लक्ष ठेवावे.

खाण, वीजकेंद्र किंवा मोठा कारखाना येणार असेल तर होणारी पर्यावरणविषयक जनसुनावणी ग्रामपंचायत घेत नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत येते, आणि प्रकल्पाच्या परिणामांचा सारांश स्थानिक भाषेत पाहायला मिळाला पाहिजे. वणी, चंद्रपूर, उमरेडच्या कोळसा पट्ट्यात आणि एटापल्लीच्या लोहखनिजाच्या भागात राहणाऱ्यांनी या तीस दिवसांत तो सारांश ग्रामपंचायतीत मोठ्याने वाचून घ्यावा, त्यावर ग्रामसभेचा ठराव करावा आणि सुनावणीच्या दिवशी तो ठराव लेखी देऊन पोच घ्यावी. सुनावणीच्या शेवटी वाचून दाखवल्या जाणाऱ्या नोंदीत आपला मुद्दा आला की नाही, हे ऐकेपर्यंत मंडप सोडू नये. जेवणाची पाकिटे वाटली जातात त्याच वेळी अनेकदा ही नोंद वाचली जाते.

सरपंच आणि सचिवांसाठी एक काम शिल्लक राहते. नकाशाचे फोटो, चिंचोक्यांची मोजणी, गुंडांचा हिशेब, नाकारलेल्या मागण्यांचा तक्ता आणि वस्त्यांवरच्या सभांची टिपणे एका जाड फाइलमध्ये वर्षवार लावून ती कार्यालयाच्या कपाटात ठेवावी, आणि सचिवांची बदली झाली किंवा नवी बॉडी निवडून आली की प्रभार देताना या फाइलची नोंद प्रभार यादीत स्वतंत्रपणे करून घ्यावी.